चष्म्याचे पैसे नेमके कशाला द्यायचे?

कोथरूडच्या एका ताईंनी विचारलंय, ते आधी थोडक्यात सांगतो. वय ४४. काम दिवसभर लॅपटॉपवर, जाणं-येणं स्कूटीवर. इतकी वर्षं फक्त लांबचा नंबर होता, यंदा पहिल्यांदाच चिठ्ठीवर जवळचाही आला. उजवा डोळा −४.५०, सिलिंडर (तिरपा नंबर) −१.२५, डावा −४.२५, सिलिंडर −०.७५; ॲड (जवळच्यासाठी वर मिळवायचा नंबर) +१.२५. एका दुकानाने प्रोग्रेसिव्ह (लांबचा आणि जवळचा नंबर एकाच काचेत), १.६७ ची पातळ काच (हा आकडा मोठा तितकी काच पातळ), ब्लू कट (निळा उजेड अडवणारं कोटिंग) आणि फ्रेम मिळून २३,५०० रुपये सांगितले. मोबाइलवरच्या ॲपमध्ये तोच नंबर भरला तर साडेतीन हजार, वर एक चष्मा फुकट. "यातलं कोण मला फसवतंय? आणि पुण्यात स्वस्त आणि चांगलं दुकान कुठलं?" शिवाय अकरा वर्षांच्या मुलीला −१.५० नंबर लागलाय, तिला काय घ्यावं, हेही शेवटी विचारलंय.

मी पेठेत चष्म्याचं दुकान चालवतो. डोळे तपासतो, काचा बसवतो, फ्रेमा वाकवून सरळ करतो. पंचवीसेक वर्षं झाली. म्हणजे या व्यवहारात मी पैसे घेणाऱ्यांच्या बाजूचा माणूस आहे, हे धरूनच पुढचं वाचा. दुकानाचं नाव सांगणार नाही. माझंही नाही, दुसऱ्या कुणाचंही नाही. कारण ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर दुकानाच्या पाटीवर नाहीये, तुमच्या हातातल्या चिठ्ठीवर आहे.

फसवत बहुधा कुणीच नाहीये. दोघं तुम्हाला दोन वेगळ्या वस्तू विकतायत आणि दोन्हींना चष्माच म्हणतात.

आमच्या काउंटरमागे लहान लहान कप्प्यांचं एक कपाट आहे. प्रत्येक कप्प्यात कागदी पाकिटं उभी लावलेली. पाकिटावर नंबर छापलेला: −१.००, −१.२५, −१.५०, पुढे सिलिंडरचे वेगळे. पाकिटात एक गोल काच, कोटिंगसकट तयार. (काच म्हणायचं नुसतं. असतं ते प्लॅस्टिकच, पण तोंडात काचच बसलीय.) गिऱ्हाइकाने फ्रेम पसंत केली की आम्ही दोन पाकिटं काढतो, काच फ्रेमच्या आकारात कापतो, बसवतो. तासाभरात चष्मा तयार. याला आम्ही स्टॉक लेन्स म्हणतो. कारखान्यात लाखांनी बनतात, म्हणून आम्हालाही स्वस्तात पडतात. एकाच जातीची काच गल्लीतला दुकानदार फ्रेमसकट हजार-बाराशेत देतो आणि एसी शोरूममध्ये तिचेच चार हजार होतात. फरक दुकानाच्या भाड्याचा.

दुसरा प्रकार ऑर्डरच्या काचेचा. आम्ही तिला आरएक्स म्हणतो. तुमचा नंबर, तुमची मापं लॅबला कळवायची, तिथे ती काच तुमच्यासाठी घासून तयार होते, चार-आठ दिवसांनी येते. जवळजवळ सगळ्या प्रोग्रेसिव्ह याच प्रकारच्या, मोठ्या सिलिंडरच्या आणि फार मोठ्या नंबरच्या काचाही यातल्याच. इथे पैसे काचेच्या डिझाइनचे असतात आणि मापं घेणाऱ्या माणसाचेही. ते माप चुकलं तर सगळ्यात महागडी काचसुद्धा वाया जाते.

तेव्हा खरा प्रश्न असा: तुमचा नंबर सोपा आहे की अवघड? दोन-अडीचच्या आतला, सिलिंडर नाही किंवा अगदी किरकोळ, एकच नंबर, वय चाळिशीच्या आत, असं असेल तर नंबर सोपा. कुठूनही घ्या, ॲपवरून घ्या, स्वस्तातला घ्या, डोळ्यांचं काही बिघडत नाही. नंबर पाच-सहाच्या पुढे, सिलिंडर दोनच्या वर, दोन डोळ्यांत मोठा फरक, किंवा प्रोग्रेसिव्ह, यातलं एक जरी असलं तरी नंबर अवघड. तिथे माणसाला पैसे द्यायचे.

हा फरक का पडतो, त्याचं कारण साधं आहे. काचेला एक मध्यबिंदू असतो, त्यातून बघितलं तरच नजर सरळ जाते. तो बिंदू तुमच्या बाहुलीसमोर यायला हवा. बाजूला सरकला तर काच प्रिझमसारखी वागते आणि डोळ्याला चित्र ओढून घ्यावं लागतं. किती, त्याचा हिशेब आहे: नंबर गुणिले सरकलेलं अंतर सेंटिमीटरमध्ये. एक नंबरच्या काचेत ४ मिलिमीटरची चूक म्हणजे ०.४ प्रिझम, कळतही नाही. तीच चूक पाच नंबरच्या काचेत २ प्रिझम होते आणि संध्याकाळी डोकं धरतं. गिऱ्हाईक म्हणतं "नंबर चुकला". नंबर बरोबर असतो, काच चुकीच्या जागी बसलेली असते.

तुमचा नंबर मधला आहे. लांबच्या नंबरापुरता स्टॉकमधून सहज मिळेल, पण पाचाच्या जवळ असल्यामुळे मापात हयगय चालणार नाही. अवघड झालाय तो ॲडमुळे, म्हणजे चाळिशीमुळे. तिच्याकडे येतोच. आधी फ्रेम, कारण तुमचे सगळ्यात जास्त पैसे इथे वाचणार आहेत. स्वस्त फ्रेम घेऊन नव्हे. लहान फ्रेम घेऊन.

जुन्या चष्म्याची काडी आतून बघा. ५४, मग एक बारीक चौकोन, १८, मग १४०, असं काहीतरी छापलेलं दिसेल. पहिला आकडा एका काचेची रुंदी, दुसरा दोन काचांमधल्या, नाकावरच्या पुलाची रुंदी, तिसरा काडीची लांबी, सगळं मिलिमीटरमध्ये. पहिले दोन मिळवा: ७२. हे झालं फ्रेमच्या दोन काचांच्या मध्यांमधलं अंतर. तुमच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर, ज्याला पीडी म्हणतात, चिठ्ठीवर लिहिलेलं नाही (बहुतेक चिठ्ठ्यांवर नसतं, मागून घ्यायचं असतं). मी ६० धरतो. म्हणजे प्रत्येक काचेचा मध्यबिंदू ६ मिलिमीटर नाकाकडे सरकवावा लागणार. मायनसची काच मध्ये पातळ आणि कडेला जाड. मध्यबिंदू नाकाकडे गेला की कानाकडची कड लांब पडते आणि तिथे जाडी वाढते.

सिलिंडर बाजूला ठेवून साडेचार नंबराचा हिशेब केला. ५४ च्या फ्रेममध्ये साधी १.५६ ची काच बसवली तर कानाकडची कड साधारण ६ मिलिमीटर. त्याच फ्रेममध्ये महागातली १.६७ घेतली तर पाचाच्या आसपास. आणि फ्रेमच ४८-१८ ची घेतली तर तीच साधी १.५६ साडेचारच्या घरात येते. म्हणजे लहान फ्रेममधली साधी काच मोठ्या फ्रेममधल्या महागड्या काचेपेक्षा बारीक निघाली. काउंटरवर हे कुणी सांगत नाही, कारण आधी मोठी फ्रेम विकायची आणि मग "मॅडम, नंबर जास्त आहे, पातळ काच घ्यावी लागेल" म्हणायचं, यात दोनदा कमाई आहे. आम्हीही करतो, खोटं कशाला बोलू. गिऱ्हाइकाला मोठी फ्रेमच हवी असते, फॅशन तशी आहे, आणि आरशासमोर उभ्या माणसाशी वाद घालणारा दुकानदार फार दिवस टिकत नाही.

पातळ काचेबद्दल अजून एक. साधारणपणे काच जितकी पातळ तितकी ती रंग फोडते. कडेने बघितलं तर दिव्याभोवती निळी-पिवळी रेघ दिसते. १.६७ मध्ये हे १.६० पेक्षा जास्त जाणवतं. साडेचार नंबराला १.६७ लागतच नाही. सात-आठ नंबर असता तर मीच म्हटलं असतं, घ्या. तुम्हाला हौसच असेल तर १.६० घ्या, नाहीतर लहान फ्रेममध्ये १.५६ पुरे.

फ्रेमचं बाकीचं पटकन. गोलसर, चेहऱ्याच्या रुंदीला बेताची, नाकावर नीट टेकणारी. तुम्ही हेल्मेट घालता, तर काडी बारीक आणि सरळ हवी. जाड प्लॅस्टिकच्या काड्या हेल्मेटमध्ये दाबल्या जातात, चष्मा पुढे सरकतो आणि कर्वे रोडच्या सिग्नलला तुम्ही एका हाताने तो वर ढकलत बसता. दुकानात फ्रेम बघायला जाताना हेल्मेट घेऊन जा आणि घालून बघा. गिऱ्हाइकं लाजतात. लाजू नका. फ्रेमवरच्या नावाला मात्र पैसे देऊ नका. जगातल्या बऱ्याचशा नामांकित फॅशन ब्रँडच्या फ्रेमा मोजक्या दोन-चार कंपन्याच परवान्यावर बनवतात. पंधराशे ते अडीच हजारांत चांगली फ्रेम मिळते. त्याच्या वर नाव विकत घेणं आलं.

आता चाळिशी.

तुमच्या बाबतीत निसर्गाने एक सूट दिलीय, ती आधी वापरा. साडेचार मायनस म्हणजे चष्मा काढला की साधारण २२ सेंटिमीटरवर, एक वीत अंतरावर, उघड्या डोळ्यांनी स्पष्ट दिसतं (सिलिंडरमुळे थोडं इकडेतिकडे). औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं, सुईत दोरा, मोबाइलवरचा ओटीपी: चष्मा वर करा, जवळ धरा, वाचा. प्लस नंबरवाल्यांना हे सुख नाही. त्यामुळे "मॅडम, प्रोग्रेसिव्हशिवाय तुम्हाला गत्यंतर नाही" असं कुणी म्हटलं तर ते खरं नाही. गत्यंतर आहे.

तुमचा दिवस जातो लॅपटॉपसमोर, हाताच्या अंतरावर. त्या अंतराला पुरा ॲड लागत नाही, साधारण निम्मा पुरतो. म्हणजे उजव्याला −३.७५ आणि डाव्याला −३.५० च्या आसपास, सिलिंडर तेच, असा एका नंबराचा चष्मा फक्त कामाच्या टेबलासाठी. (आकडे माझ्या अंदाजाचे आहेत. ट्रायल फ्रेम (काचा बदलून बघायची तपासणीची फ्रेम) घालून, तुमच्या स्क्रीनच्या अंतरावर अक्षरं धरून तपासल्याशिवाय बनवू नका. घरून टेपने स्क्रीन ते डोळा अंतर मोजून न्या.) हा चष्मा कपाटातल्या पाकिटातून निघतो. जुनी फ्रेम मजबूत असेल तर तिच्यातच काचा बदला. जुन्या प्लॅस्टिकच्या फ्रेमला दुकानदार म्हणेल "तडकली तर रिस्क तुमची". तो बरोबर बोलतोय, काच बसवताना ती गरम करावी लागते. धातूची असेल तर बिनधास्त द्या, नाकाचे पॅड आणि स्क्रू बदलून घ्या, नव्यासारखी होते.

मग प्रोग्रेसिव्ह कुणाला? ज्याला दर मिनिटाला अंतर बदलावं लागतं त्याला. मीटिंगमध्ये समोरचा माणूस, भिंतीवरची स्क्रीन, हातातली वही, वर्गातला शिक्षक, गल्ल्यावरचा माणूस. तुमचं काम तसं असेल तर घ्या. या काचेत वर लांबचा नंबर, खाली जवळचा, मध्ये हळूहळू बदलत जाणारी एक वाट. दोन्ही बाजूंना धूसर पट्टे असतात. ते टाळता येत नाहीत, गणितच तसं आहे; महागडी डिझाइन ते पट्टे फार तर इकडून तिकडे सरकवतात, सौम्य करतात. आणि ॲड जितका जास्त तितके ते पट्टे जोरदार. तुमचा ॲड सव्वा आहे. सव्वामध्ये स्वस्त आणि महाग डिझाइनमधला फरक फार कमी लोकांना जाणवतो. पन्नाशीनंतर ॲड दोनच्या घरात गेला की मग चांगल्या डिझाइनचे पैसे वसूल होतात. म्हणून मी पहिल्या प्रोग्रेसिव्हला नामांकित कंपनीची मधल्या पायरीची काच देतो, सगळ्यात वरची नाही. वरची विकली तर माझा फायदा जास्त, पण ते गिऱ्हाईक पुढच्या वेळी शेजारच्या दुकानात जाणार.

मापाचं महत्त्व मला पुस्तकातून नाही कळलं. दुकान टाकल्यावर पहिल्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट. एक निवृत्त शिक्षक, उंच, ताठ, बोलायला कडक. त्यांना प्रोग्रेसिव्ह दिली, त्या वेळच्या मानाने महाग. आठ दिवसांनी आले ते दारातूनच म्हणाले, "अहो, मी नव्या नवरीसारखा मान खाली घालून चालतोय!" खरंच चालून दाखवलं. हनुवटी छातीला लावली तरच त्यांना समोरचा रस्ता दिसत होता. नंबर तपासला, बरोबर. काच तपासली, बरोबर. मग आठवलं: माप घेताना ते बुटक्या स्टुलावर बसले होते आणि मी उभा होतो. माझ्याकडे बघायला त्यांनी नजर वर केली होती, आणि मी बाहुलीची खूण तिथेच केली, तीन मिलिमीटर वर. त्यामुळे सरळ बघताना त्यांची नजर मधल्या वाटेत पडत होती. काचा माझ्या खिशातून परत बनवल्या. त्या महिन्यात दुकानाचं भाडं उशिरा गेलं. तेव्हापासून मी दोन सारख्या उंचीच्या खुर्च्या ठेवल्यात.

दुकान पारखायचं असेल तर हेच बघा. प्रोग्रेसिव्हचं माप घेणाऱ्याने तुम्ही निवडलेली फ्रेम आधी गरम करून तुमच्या नाकाकानावर नीट बसवली का? मग तुमच्यासमोर, तुमच्या डोळ्यांच्या उंचीला बसला का? फ्रेममधल्या नकली काचेवर पेनाने दोन्ही बाहुल्यांच्या खुणा केल्या का? उजव्या-डाव्या डोळ्याचं अंतर वेगवेगळं लिहिलं का? नाकाचा मध्य कुणाचाच अगदी मधोमध नसतो. हे सगळं पाच मिनिटांचं काम आहे. जिथे हे न करता नुसता नंबर लिहून घेतात, तिथे प्रोग्रेसिव्हची ऑर्डर देऊ नका, मग ते दुकान लक्ष्मी रोडवरचं असो की मॉलमधलं.

ॲपच्या साडेतीन हजारांचं उत्तरही यातच आलं. घरबसल्या मागवलेल्या प्रोग्रेसिव्हमध्ये ही उंची फोटोवरून किंवा सरासरीवरून धरतात. काहींना नशिबाने बसते. एका नंबराच्या चष्म्याला मात्र ॲपमध्ये वाईट काही नाही. पीडी नीट मोजून भरा, झालं. आणि ॲपवाल्यांचीही आता रस्त्यारस्त्यावर दुकानं आहेत. तिथे शिकलेला ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे नंबर तपासणारा, बसलेला असेल आणि वर लिहिलंय तसं माप घेत असेल, तर ते दुकान माझ्या दुकानाइतकंच चांगलं. विचारायला लाजू नका: बी. ऑप्टोम ही चार वर्षांची पदवी आहे, ज्याने केलीय तो अभिमानाने सांगतो.

तपासणीबद्दल दोन शब्द. दुकानातली तपासणी नंबराची, डोळ्यांची नव्हे. चाळिशीनंतर एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन डोळ्यांचा दाब आणि पडदा बघून घ्याच. तुम्ही मायनसवाल्या, तुम्हाला तर पडदा बघणं जास्त गरजेचं. खर्चाची अडचण असेल तर महंमदवाडीला पुणे अंधजन मंडळाचं ह. वि. देसाई नेत्र रुग्णालय आहे, ती धर्मादाय संस्था आहे. आणि घरात कुणाला मधुमेह असेल तर साखर वरखाली होत असताना चष्मा करू नका. साखरेबरोबर नंबरही हलतो. पंधरा दिवसांपूर्वीचा नवा कोरा चष्मा "चुकीचा" म्हणून परत घेऊन आलेली माणसं मी पाहिलीत. चष्मा बरोबर असतो, साखर तीनशेवरून दीडशेवर आलेली असते.

कोटिंग. अँटी-ग्लेअर घ्याच. साध्या प्लॅस्टिकच्या काचेवरून साधारण ८ टक्के उजेड परत फिरतो, १.६७ वरून १२ टक्क्यांच्या आसपास. रात्री समोरच्या गाडीचे दिवे डोळ्यांत पसरतात ते त्यामुळे. ब्लू कटला वेगळे पैसे देऊ नका. २०२३ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पारखणाऱ्या संस्थेने यावरच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या. स्क्रीनमुळे डोळ्यांवर येणारा ताण ब्लू कटने कमी होतो असं काही त्यात दिसलं नाही. स्क्रीनसमोर डोळे शिणतात कारण आपण पापण्या मिटायला विसरतो, आणि चाळिशीत नंबर चुकीच्या अंतराचा असतो म्हणून. फुकट येत असेल तर येऊ दे, जरा पिवळट दिसेल इतकंच. फोटोक्रोमिक, म्हणजे उन्हात गडद होणारी काच, स्कूटीवर उपयोगी, कारमध्ये नाही. गाडीची समोरची काच अतिनील किरण अडवते, त्यामुळे चष्म्याची काच गडद होतच नाही. कोटिंग टिकवायचं तर नळाखाली धरून भांड्याच्या साबणाचा एक थेंब लावून धुवा, मऊ कापडाने टिपा. ओढणीने पुसू नका. पुण्याची धूळ म्हणजे बारीक वाळूच असते. आणि मे महिन्यात उन्हातल्या गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा स्कूटीच्या डिकीत चष्मा ठेवला की कोटिंगला बारीक भेगा जातात, मग दुकानदाराच्या नावाने बोंब.

तर तुमचं बिल मी असं करीन. पहिलं वर्ष चालढकल करायची असेल: एक लांबचा चष्मा लहान फ्रेममध्ये, एक टेबलाचा जुन्या फ्रेममध्ये, दोन्ही स्टॉकच्या काचांचे. चार-पाच हजारांत दोन्ही. मीटिंगा फार असतील: मधल्या पायरीची प्रोग्रेसिव्ह, १.५६ किंवा १.६०, लहान फ्रेमसकट आठ ते दहा हजार, आणि टेबलाचा दीड-दोन हजारांचा वेगळा. दुकानागणिक हे आकडे हलतील. २३,५०० मधला पाव हिस्सा तरी मोठ्या फ्रेमपायी घ्याव्या लागणाऱ्या १.६७ चा आणि ब्लू कटचा आहे, आणि काही भाग तुम्हाला अजून न लागणाऱ्या डिझाइनचा. नंबरच्या चष्म्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय, तोही बिलावर बघून घ्या. घासाघीस करायची तर फ्रेमवर करा. काचेवर करू नका. फ्रेम तुमच्या डोळ्यांसमोर आहे, ती बदलता येत नाही. काच मात्र भाव पाडला की गुपचूप बदलते.

मुलीसाठी. तिचा नंबर सोपा आहे, पण लहान मुलांचा नंबर डोळ्यांत थेंब टाकून डॉक्टरांनी तपासलेला असावा, कारण मुलं तपासताना डोळ्यांवर जोर देतात आणि मायनस जास्त निघतो. काच पॉलिकार्बोनेटची, ती सहजी फुटत नाही. फ्रेम हलकी, स्वस्त. वर्षाच्या आत तुटणार किंवा नंबर बदलणार, दोन्हींपैकी एक नक्की. कपडे आपण वाढत्या अंगाचे घेतो, चष्मा तसा घेऊ नका. मोठी फ्रेम नाकावरून घसरते आणि पोर काचेच्या वरून बघायला शिकतं. सहा महिन्यांनी परत तपासा. नंबर भराभर वाढत असेल तर तो वाढू नये म्हणून वेगळ्या काचा आणि थेंब आहेत, महाग आहेत, पण तो डॉक्टरांशी बोलून घ्यायचा निर्णय. मैदानावर रोज खेळायला पाठवणं फुकटातलं आहे, ते आजपासून.

चष्मा घ्यायला जाल तेव्हा घाई करू नका. दुकानात लेन्सोमीटर असतो, त्यावर तुमच्यासमोर नंबर मोजून दाखवायला सांगा. काचेचं पाकीट मागून घ्या. बिलावर कंपनी, डिझाइन, १.५६ की १.६० आणि कोटिंग लिहून घ्या. आणि प्रोग्रेसिव्ह असेल तर काचेवर तोंडाची वाफ सोडा, ट्यूबलाइटखाली तिरकी धरा. कोरलेल्या दोन बारीक खुणा दिसतील, एकमेकींपासून ३४ मिलिमीटरवर. कानाकडच्या खुणेखाली तुमचा ॲड कोरलेला असतो, १२ किंवा १२५ असा, आणि नाकाकडच्या खुणेखाली कंपनीचं चिन्ह. कंपनीच्या नावाचे पैसे तुम्ही त्या चिन्हासाठी दिलेले असतात. ते नसेल किंवा आकडा जुळत नसेल, तर चष्मा काउंटरवरच राहू द्या आणि उरलेले पैसे पर्समध्ये.